नरेश साउंडची तिसरी पिन

दादा,

गाण्याचा आवाज दाबणारा तुझा तो कॉम्प्रेसर अजून ओसरीवरच आहे. आबांनी त्याच्यावर मिठाचं रिकामं गोणपाट टाकलंय आणि वर पाट उपडा घातलाय, आत साप कोंडल्यासारखा. आई तिकडून जाताना पदर आवरून घेते. बाकीचं सामान, तुझे बेसचे दोन्ही खोके, मिक्सर, ड्रम मशीन, पक्याचा कीबोर्ड, पडवीत ताडपत्रीखाली आहे. खोक्यावर रंगवलेलं ‘नरेश साउंड, पेण’ ताडपत्रीच्या फटीतून दिसतं. मी ती फट दोनदा बुजवली. वाऱ्यानं परत उघडली.

तुझं बारावं झालं, माणसं आपापल्या घरी गेली. आबा आता सकाळी चहा घेऊन दारात बसतात आणि एकच गोष्ट विचारतात. आम्हाला नाही विचारत. समोरच्या खाडीकाठच्या खाजणाकडे बघून विचारतात, “कशानं गेला माझा पोर?”

उत्तरं पुष्कळ आली. कुणी म्हणालं, मांडवात देवक बसलेलं असताना असली धिंगाणा गाणी वाजवली, कोप झाला. कुणी म्हणालं, घटका भरली होती त्याची, कोण काय करणार. आणि मोठ्या काकूनं तर मी आत भांडी घासत असताना, मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, की शिकलेल्या बहिणीनं त्या मशीनचं वेड डोक्यात भरवलं, नाहीतर साधा स्पीकर लावून पोरगा सुखानं जगला असता. मी भांडी घासत राहिले. माझ्या शिक्षणावर बोलणाऱ्याला मी एरवी सोडत नाही, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी सोडलं. कारण खरं उत्तर माझ्याकडे होतं, आणि त्या उत्तरात तुझं नाव होतं.

आबांना ते सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न इतके दिवस सोबत घेऊन मी रोहा ते पेण फिरते आहे. सांगितलं तर आबांच्या पोराला आबांच्या पोरानंच मारलं असं होतं. नाही सांगितलं तर देवक मारतं, मशीन मारतं, आणि तुझ्यासारखे बाकीचे तुझ्यासारखंच काम करत राहतात.

म्हणून आधी तुझ्याशी बोलते.

कॉम्प्रेसर आला तो दिवस आठवतो? तू रोह्याला माझ्या खोलीवर मोटरसायकलवरून आलास. मागे फटकूर गुंडाळलेला लोखंडी डबा बांधलेला, जड, मुंबईतल्या कुणा ऑर्केस्ट्रावाल्याचा जुना. माझ्या घरमालकीणबाईंना वाटलं तू टेपरेकॉर्डर विकायला आलास. तू डबा माझ्या टेबलावर ठेवलास, शाळेतल्या मुलांच्या तपासायच्या वह्या बाजूला सारल्यास, आणि त्याचं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलंस. “वाच,” म्हणालास. “बी.एस्सी. कशाला केलंस मग?”

आपल्या घरात, आपल्या आळीत, माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नव्हती. आबांनी मिठागरात पाय कुजवले, तू दहावीनंतर डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे शिफ्ट करायला लागलास, आणि मी पेणच्या कॉलेजात जाऊन फिजिक्स घेतलं. मला त्याचा अभिमान आहे, मी तो कधी झाकला नाही. पण एक सांगते. कॉलेजात शिकवलेलं काही कामाचं आहे असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या डब्यापाशी बसून.

तुझं दुखणं साधं होतं. हळदीत लोकांना हवी असते किक. ड्रम मशीनचा तो खालचा ठोका, छातीत बसणारा, ज्याच्यावर पाय पडतो. आणि लोकांना बेसही हवा असतो, पक्या डाव्या हातानं कीबोर्डवर धरतो तो जाड सूर. दोन्ही एकाच खोक्यातून, एकाच अँप्लिफायरवर. दोघांनाही जागा तीच लागते, तळाची. मग दोघं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि लोकांना ऐकू येतो नुसता चिखल. तू आवाज वाढवायचास, चिखल वाढायचा.

पुस्तकात लिहिलं होतं की डब्याच्या मागच्या बाजूला एक जास्तीचं भोक आहे, साइडचेन नावाचं. बेस डब्यातून जाऊ द्यायचा, आणि त्या भोकात किक द्यायची. ती किक पुढे कुठे वाजत नाही. ती फक्त डब्याला खूण करते. किक पडली की डबा बेसला खाली दाबतो, किक सरली की सोडतो. मी तुला तीनदा वाचून दाखवलं. मलाच नीट कळलं नव्हतं, म्हणून मी वर्गात वाचते तशी जोरात वाचत होते.

तू टेबलावर हनुवटी टेकून ऐकत होतास. मग म्हणालास, “ही तर उघाडी हाय गो.”

शहरातल्या माणसाला उघाडी सांगावी लागेल. खाडीच्या बांधात बसवलेली झडप. भरती आली की खाडीचं पाणी झडपेवर रेटा देतं, झडप मिटते, आतलं पावसाचं पाणी तिथंच थांबतं. ओहोटी लागली की झडप आपोआप उघडते आणि आतलं पाणी खाडीत निघून जातं. माणूस लागत नाही. भरतीच दार लावते. किक म्हणजे भरती, बेस म्हणजे आतलं पाणी. तू ते म्हटलंस आणि पुढच्या अर्ध्या तासात आपण दोघांनी मिळून ते चालू केलं. माझ्या खोलीत स्पीकर नव्हता, म्हणून तू हेडफोनची एक बाजू तुझ्या कानाला आणि एक माझ्या कानाला लावलीस. धप्, आणि बेस खाली. मग वर येत, येत, येत, धप्. चिखल गेला होता. किक कोरडी, वेगळी, आणि बेस तिच्या मागून उसळून येणारा.

तू हेडफोन उतरवलास आणि माझ्या डोक्यावर टपली मारलीस. तेवढंच माझं पदवीदान.

मग आपली भांडणं सुरू झाली. बेस किती लवकर वर आला पाहिजे, याच्यावर आपण अख्खा एक हिवाळा भांडलो. मी म्हणायचे, पटकन सोड, नाहीतर दम्याच्या पेशंटसारखं वाटतं. तू म्हणायचास, हळदीत लोक दमतातच, गाण्यानं पण थोडं दमावं. तू बेसला पुढच्या किकच्या अगदी तोंडापर्यंत रेंगाळू द्यायचास. त्या गाण्याला मग झोके यायचे. यात तू बरोबर होतास. नागोठण्याच्या हळदीत मी स्वतः पाहिलं, बायका सुद्धा किकवर नाही, त्या उसळीवर कंबर हलवत होत्या. मी तुला तेव्हा ते कबूल केलं नाही. आता करते. तुझा कान माझ्या फिजिक्सपेक्षा पुढचा होता, निदान या बाबतीत.

आईचं गाणंही तेव्हाचंच. आई लग्नात धवले म्हणते, ते तू एका दुपारी माजघरात टेप केलेस आणि खाली किक टाकलीस. पण घाईत सगळंच डब्यातून गेलं, आईचा आवाजसुद्धा. प्रत्येक ठोक्याला आई खाली जायची, वर यायची, खाली जायची. आईनं शांतपणे पूर्ण ऐकलं आणि विचारलं, “मी बुडतेय काय रं खाडीत?” तू इतका हसलास की पाणी प्यावं लागलं. मग आईला बाजूला काढलंस, नुसत्या बेसला दाबलंस, आणि आई मोकळी झाली. ती कॅसेट आई आता कुणाला लावू देत नाही. मीही मागितली नाही.

आता त्या गोष्टीकडे येते.

माझ्या खोलीत सगळं एका बोर्डावर होतं म्हणून शांत होतं. हळदीत तसं नसतं. ड्रम मशीन आणि कीबोर्ड पक्यापाशी, मांडवाच्या एका टोकाला, तिथल्या बोर्डावर. मिक्सर आणि कॉम्प्रेसर तुझ्यापाशी, दुसऱ्या टोकाला, घराच्या बोर्डावर. किकची लांब वायर मधून. दोन्हीकडे अर्थिंग, आणि वायरीनं दोन्ही अर्थिंग एकमेकांना जोडलेली. मग हमिंग. घुंऽऽ, न थांबणारं. आणि हे हमिंग नुसतं कानाला त्रास देऊन थांबलं नाही. ते साइडचेनच्या भोकात गेलं. डब्याला वाटलं किक पडलीच आहे, पडलीच आहे. उघाडी मिटली ती मिटलीच. बेस वर यायचं नावच घेईना.

तू पिनच काढून टाकलीस. कॉम्प्रेसरच्या प्लगमधली ती जाडी तिसरी पिन. पकडीनं पिरगाळलीस, आत हिरवी वायर कापून टेप लावलीस. हमिंग गेलं. बेस परत नाचायला लागला. मग मिक्सरची काढलीस. मग अँप्लिफायरची. आपल्या धंद्यात सगळेच काढतात, तू म्हणालास, पेणपासून अलिबागपर्यंत कुणाच्या प्लगला तिसरी पिन दाखव.

मी दाखवू शकले नाही. तू खरं बोलत होतास. सगळेच काढतात.

मी तुला काय काय म्हटलं ते सगळं इथं लिहीत नाही, कारण तू ते ऐकलंयस. मी फळ्यावर काढतात तशी आकृती तुझ्या हाताच्या तळव्यावर पेननं काढली होती. डब्यात कुठं ओल गेली, वायर पत्र्याला लागली, तर करंट जमिनीत जायला वाट हवी. ती वाट म्हणजे ही पिन. वाट असली तर फ्यूज उडतो. वाट नसली तर करंट वाट बघतो. तू तळवा बघितलास आणि म्हणालास, “डोलवीला मी वायरमनच्या हाताखाली होतो गो, मना नको शिकवू.” तुला ठाऊक होतं. हेच मला सोसत नाही. तुला ठाऊक नसतं तर मी काकूसारखं नशिबाला बोल लावून झोपले असते.

मग मी तुला डबी करून दिली. जुन्या रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर, साबणाच्या पत्र्याच्या डबीत बसवलेला. किकच्या वायरीच्या मधे लावायचा. त्यातून किकची खूण पलीकडे जाते, पण वायरीनं वायर जोडलेली राहत नाही, म्हणून हमिंगला रस्ता नाही. मग सगळ्या पिना जागच्या जागी ठेवता येतात. तू एका हळदीत लावून पाहिलीस आणि परत आणून दिलीस. म्हणे किक पातळ झाली, तळ गेला.

मी म्हटलं, अरे, ती किक ऐकायची नाहीच आहे. ती फक्त खूण आहे. पातळ झाली तर डब्याचं बटण थोडं खाली घे, म्हणजे तो हलक्या खुणेलाही ऐकेल.

तू म्हणालास, “दाबायला पण जोर लागतो गो. पातळ किकला बेस भीत नाय.”

हे आपलं शेवटचं भांडण. पेणच्या स्टँडवर, माझी रोह्याची एस.टी. लागलेली. मी खिडकीतून बोलत होते, तू खाली उभा राहून कांद्याची भजी खात होतास. कंडक्टरनं घंटी मारली तरी तू बोलतच होतास. हळदी संपू दे, म्हणालास, पावसात धंदा नसतो, तेव्हा तुझी डबी लावून दिवसभर बसू, कोण बरोबर ते बघू. आणि एक भजं माझ्या हातात कोंबलंस.

तेवढाच पावसाळा आपल्याला हवा होता.

त्या दिवसाचं मला पक्यानं सांगितलं, आणि मी नंतर तिथं जाऊन पाहिलं. जिते गावाच्या पुढचं गाव. दुपार कलली होती, ऊन अजून होतं. नवऱ्यामुलाला हळद लावून आंघोळ झालेली, ते हळदीचं पाणी मांडवभर पसरलेलं, सारवलेली जमीन भिजून मऊ झालेली. तू चेकिंग करत होतास. बेस हवा तसा उसळत नव्हता, म्हणून डब्याचं बटण फिरवायला वाकलास. पक्या मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याच्या पायात चप्पल होती. तुझ्या नव्हती. देवक बसलेल्या मांडवात तू कधी चप्पल घालून गेला नाहीस, लोकांनी घातली तरी तू नाही. लोक म्हणतात देवकाचा कोप. त्या मांडवात देवकाचा मान ठेवून अनवाणी उभा असलेला माणूस तू होतास.

पक्याला वाटलं तू नाचतोयस. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. किक चालूच होती. धप् धप् धप्. त्यानं मग धावत येऊन घराचा बोर्ड बंद केला, पण तोवर झालं होतं. टेम्पोत घालून पेणला नेलं, डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली. तुझ्या उजव्या तळव्यावर डाग होता. जिथं मी आकृती काढली होती तोच तळवा. तो मी माझ्या हातांनी पुसला, तुला न्यायच्या आधी. पुसला गेला नाही.

त्या घराला अर्थिंग होतं, दादा. मागच्या परसात पाइप जमिनीत गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. जुना, गंजका, पण होता.

इथवर लिहून पत्र मिटून ठेवलं होतं, आता पुढचं लिहिते. हे सगळं मला माहीत होतं आणि मी आबांना सांगत नव्हते. आई तर विचारतही नव्हती. आबा खाजणाला विचारत राहिले. मी रोह्याला जायचे, मुलांना विद्युत प्रवाह शिकवायचे, आणि फळ्यावर अर्थिंगची ती तीन आडव्या रेघांची खूण आली की खडू खाली ठेवायचे. हेडमास्तरांनी रजा घ्या म्हटलं. घेतली.

परवा पक्या आला. बरेच दिवस दाढी नाही, डोळे आत. दारात उभा राहिला, आत येईना. वैशाखातली शेवटची हळद होती, पेणजवळच्या वाशीकडच्या घरची. तू शब्द दिलेला होतास. त्या घरानं सांगून पाठवलं होतं, नाही जमलं तर आम्ही समजू, पण नरेशच्या नावानंच व्हावं असं पोराला वाटतं. पक्यानं आबांना सामान मागितलं. मला वाटलं आबा त्याला काठी घेऊन हाकलतील. ते म्हणत होतेच, सगळं खाडीत टाकीन. पण आबांनी माझ्याकडे बोट केलं. “नंदेला विचार. तिला समजतं.”

दादा, आबा माझ्या शिक्षणाबद्दल इतक्या वर्षांत चांगलं बोलले ते हे एवढंच. आणि कधी बोलले बघ.

मी पक्याला म्हटलं, ने. पण आधी सगळ्या प्लगना तीन पिना. तो खाली बसला. बाजारातून नवे प्लग आणले होते ते मी त्याच्यापुढे टाकले. आम्ही दोघं ओसरीवर बसून एकेका वायरीचं तोंड सोलत होतो. तुझ्या टेपा निघत होत्या, काळ्या, चिकट, व्यवस्थित गुंडाळलेल्या. तू नीटनेटका माणूस. चुकीचं कामसुद्धा नीटनेटकं केलेलं.

पक्या काम करता करता बोलायला लागला. म्हणाला, हमिंग येईल गो ताई, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत. तो म्हणाला, नरेशनं मना शिव्या घातल्या असत्या. मी म्हटलं, मला पण. मग आम्ही दोघं थोडं हसलो, आणि पक्यानं तोंड फिरवलं.

शेवटी कॉम्प्रेसर राहिला. मी गोणपाट काढलं. आई आतून उठून मागच्या दारानं परसात निघून गेली. आबा दारातच बसून होते, बघत होते. मी त्याला नवा प्लग लावला, हिरवी वायर जोडली, स्क्रू आवळला. पक्याला लांब उभं केलं. स्वतः चप्पल घातली. आपल्या घरातच चप्पल घातली, आबांच्या समोर. प्लग बोर्डात घातला आणि बटण दाबलं.

आत, मीटरच्या बोर्डावर, फट् करून आवाज झाला. पंखा थांबला. फ्यूज उडाला होता.

पक्या म्हणाला, “बिघडला बहुतेक.”

बिघडलेला नव्हता. म्हणजे बिघडलेलाच होता, त्या दिवसापासून, आतून कुठंतरी ओल जाऊन करंट पत्र्याला आलेला. पण फ्यूजनं त्याचं काम केलं. आपल्या घराचं अर्थिंग तूच केलेलं, आठवतंय ना, तुळशीच्या मागे खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून. मीठ आबांच्या मिठागरातलं. तू म्हणाला होतास, विकत कशाला घ्यायचं, घरचं हाय की. त्या मिठातून करंट जमिनीत गेला आणि फ्यूज उडाला आणि मी तिथं उभी होते, हात डब्यापासून वीतभर अंतरावर, धडधाकट.

आबा उठून आले. त्यांनी पंख्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे. “काय झालं?”

“फ्यूज गेला.”

“कशानं?”

मी हिरवी वायर दाखवली. सांगितलं की डब्यात करंट उतरला की या वायरीनं जमिनीत जातो, आणि फ्यूज उडतो, आणि लाइन बंद होते. आबांनी ऐकलं. मिठागरात आयुष्य गेलेल्या माणसाला पाणी वाट कशी शोधतं हे सांगावं लागत नाही. ते हळूहळू खाली बसले, डब्यापाशी, आणि ती वायर बोटांत धरून बघत राहिले.

“मंग त्या दिशी का नाय गेला?”

मी पक्याकडे बघितलं नाही. मनात आलं, सांगावं की त्या घरचं अर्थिंग खराब होतं. सोपं होतं. त्या घरानं काही म्हटलं नसतं, त्यांना आधीच अपराधी वाटतंय. आबांना तेवढ्यानं पुरलं असतं.

“ही वायर दादानं कापलेली होती, आबा. हमिंग येऊ नये म्हणून. त्यानंच.”

 आई परसातून आत आली, दारात थांबली. तिनं ऐकलं होतं. आबा म्हणाले, “ही असती तर?”

“असता.”

एवढाच शब्द मी बोलले. त्यांनी पुढं विचारलं नाही. वायर सोडली नाही हातातली. मला वाटलं ते आता म्हणतील, हे बाहेर बोलू नको. पोरगा गेला तो गेला, त्याचं नाव कशाला खराब करतेस. मी तयार होते. मी गप्प बसलेही असते, दादा, खरं सांगते, त्यांच्यासाठी.

आबांनी पक्याला विचारलं, बाकीचे साउंडवाले, ते पण कापतात?

पक्या म्हणाला, सगळेच कापतात, आबा.

मग आबा माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. “मंग सांग सगल्यांना. देवकाचं नाव नको, नशिबाचं नको. नरेशनं काय केलं ते सांग. त्याचं नाव घेऊन सांग.”

 आई आत गेली आणि पंखा बंद म्हणून आबांना विंझणवारा आणून दिला.

पक्या हळदीला गेला, कॉम्प्रेसरशिवाय. परत येऊन म्हणाला, सगळा चिखल झाला, किक कळत नव्हती आणि बेस कळत नव्हता, हमिंग वेगळंच, तरी लोक नाचले. तुझं नाव पुकारलं त्यांनी. माझी डबी लावून बघायला डबाच उरला नाही, म्हणून ते आपलं भांडण आहे तिथंच आहे. पातळ किकला बेस भितो की नाही, मला माहीत नाही. तुला पण नाही.

तू हे वाचू शकत असतास तर भडकला असतास. माझ्या धंद्याचं वाटोळं केलंस म्हणाला असतास, सगळ्या रायगडात माझं हसं केलंस. कदाचित महिनाभर बोलला नसतास. चालेल. मी सगळं तुझ्या नावासकट लिहिलंय, आबांनी सांगितलं तसं, आणि पेणच्या, रोह्याच्या, नागोठण्याच्या जेवढ्या साउंडवाल्यांचे पत्ते पक्याला ठाऊक आहेत तेवढ्यांना हे पत्र पाठवते आहे.

तुझी,
नंदा